कादंबरीतील चहा आणि त्याचे गार होणे : एक मीमांसा

मराठी समीक्षेने कादंबरीतले काय तपासायचे बाकी ठेवले आहे? जाणीव तपासली, नेणीव तपासली, निवेदक भरवशाचा की लबाड याची झडती घेतली, नायकाच्या तुटलेपणाची खोलीही मोजून झाली. पण तोच नायक पान बारावर हातात घेतलेला कप पान तेरावर कुठे ठेवतो, याचा पंचनामा करायला आजवर एकही विद्यापीठ पुढे आलेले नाही. प्रस्तुत निबंध हे त्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल आहे. पाऊल जपून टाकले आहे, कारण कप बहुधा जमिनीवरच ठेवलेला असतो.

सिद्धान्त आधीच सांगून टाकतो. घाईत असलेल्यांनी तेवढा उचलून निघावे. कादंबरीतला चहा पिण्यासाठी नसतो, गार होण्यासाठी असतो. तो टाकला जातो, गाळला जातो, ट्रेमधून येतो, ‘घ्या ना’ म्हणून पुढे सरकवला जातो. नायक एक घोट घेतो. मग तार येते, किंवा दारात पोलीस उभा राहतो, किंवा नायिका ‘मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे’ म्हणते आणि चहावर साय धरते. साय धरणे ही कादंबरीगत चहाची अंतिम अवस्था होय. ज्या घरांत अर्धा कप टाकून उठणाऱ्याला साखरेचा भाव ऐकवला जातो, त्याच घरांवर लिहिलेल्या कादंबऱ्यांत ही नासाडी राजरोस चालू आहे आणि कोणी हूं की चूं करत नाही.

यावर पूर्वपक्ष असा, की पात्रे पाणीही पितात, मग चहाचेच एवढे स्तोम का? उत्तर सोपे आहे. पाणी करावे लागत नाही. ते माठात असते आणि आणायला एक वाक्य पुरते. चहा करावा लागतो, आणि तो करायला कोणाला तरी आत जावे लागते. सगळी मेख इथे आहे. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, बाहेरच्या खोलीत नवरा, बायको आणि नवऱ्याचा कॉलेजातला मित्र. मित्राला उसने पैसे मागायचे आहेत आणि ते वहिनींसमोर मागता येत नाहीत. लेखक काय करील? वहिनींना माहेरी पाठवले तर दहा पाने खर्ची पडतात. आजारी पाडले तर डॉक्टर आणावा लागतो. त्यापेक्षा ‘तुम्ही बसा, मी चहा टाकते’ हे पाच शब्द स्वस्त पडतात. मराठी कादंबरीत चहाइतक्या कमी खर्चात खोली रिकामी करून देणारे दुसरे साधन नाही. वहिनी ट्रे घेऊन परत आल्या की बोलणे थांबते, म्हणजे दृश्य संपवायचेही त्याच चहाने साधते. ‘नाही, सहजच आलो होतो’ असे म्हणून मित्र उठतो. त्याचा कप तसाच.

आता एक तांत्रिक अडचण, जिच्याकडे वास्तववादी म्हणवणाऱ्या लेखकांनीही काणाडोळा केला आहे. गॅस घरोघर येण्यापूर्वीचा चहा रॉकेलच्या स्टोव्हवर होत असे. त्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आठवून पाहावी. आधी काकडा रॉकेलमध्ये बुडवून बर्नरभोवती बसवायचा आणि पेटवायचा. बर्नर तापेपर्यंत थांबायचे. मग पंप मारायचा. ज्योत पिवळी आली, की भोकात काजळी अडकली असे समजून पिन मारायची. पिन फळीवर ठेवलेली असते, पण ती तिथे नसते. सापडल्यावर पुन्हा पंप. निळी ज्योत आल्यावर आधण, साखर, पत्ती, दूध, उकळी, गाळणे. हात कितीही सराईत असला तरी यात चांगली दहा-बारा मिनिटे जातात. कादंबरीत मात्र वहिनी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत मित्र जेमतेम तीन वाक्ये बोललेला असतो. उरलेली मिनिटे गेली कुठे? दोघे पुरुष एकमेकांकडे बघत गप्प बसले होते, असे मानावे तर लेखकाने ते लिहायला हवे होते.

दुसरी अडचण ध्वनिशास्त्राची आहे. पेटलेला स्टोव्ह भरभरत असतो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला बाहेरच्या खोलीतली कुजबुज ऐकू येणे शक्य नाही. तिला स्वतःचे मूल रडलेले ऐकू येत नाही. तरीही आमच्या कादंबऱ्यांतल्या कित्येक संसारांना तडा जातो तो स्वयंपाकघरात ऐकलेल्या एका वाक्यामुळे. ते वाक्य ऐकून तिचा हात थरथरतो, चहा उतू जातो, स्टोव्ह विझतो. क्रम उलटा आहे. आधी स्टोव्ह विझला असेल, मगच वाक्य ऐकू आले असेल. गॅस आल्यावर स्वयंपाकघर शांत झाले आणि चोरून ऐकणे प्रथमच विश्वसनीय झाले. पण तोवर कादंबरीतली माणसे फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि त्यांनी एकमेकांशी बोलणेच सोडले.

वसतिगृहाची कादंबरी या बाबतीत वेगळी पडते. ‘कोसला’ (१९६३) नंतर वसतिगृहात राहणाऱ्या तरुणांची मराठीत रीघ लागली. वसतिगृहाला माजघर नसते, त्यामुळे चहासाठी आत जायची सोय नाही. मग सगळेच बाहेर जातात. हॉटेलात बसतात, एकाच्या पैशांवर चौघे पितात आणि ज्याच्याकडे पैसे नसतात तो जगाच्या निरर्थकतेवर बोलतो. इथे चहा गार होत नाही, कारण तो कपात मुळातच अर्धा असतो.

ऐतिहासिक कादंबरीकडे वळलो की चहाचे महत्त्व त्याच्या अभावाने कळते. पेशवाईतल्या पात्रांना चहा पाजता येत नाही. तेवढी लाज आमच्या लेखकांना आहे. परिणाम काय? मसलतीच्या वेळी हातांचे करायचे काय, हा पेच. चहा असता तर श्रीमंतांनी कप उचलला असता, फुंकर घातली असती, उत्तराला वेळ काढला असता. तो नसल्याने त्यांना उठून येरझारा घालाव्या लागतात. सज्जाशी जाऊन पाठमोरे उभे राहावे लागते. शेला सावरावा लागतो, आणि सावरलेला शेला पुढच्या परिच्छेदात पुन्हा सावरावा लागतो. ‘स्वामी’पासून (१९६२) बहरलेल्या या परंपरेत जी पायपीट महालांतून झाली आहे, तिचे मूळ कारण आसामात अजून मळे नव्हते हे होय. आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला तो १८३९ साली; पेशवाई त्याआधी एकवीस वर्षे बुडाली होती. एक योगायोग इथे नोंदवतो, त्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकांनी आवरावा. १७७३ च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन बंदरात ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला गेला. पृथ्वीच्या एका अंगाला प्यायला चहा नाही, दुसऱ्या अंगाला असून पिऊ देत नाहीत.

पौराणिक कादंबरीत मद्याचे चषक आहेत, म्हणून तिथे येरझारा कमी. ‘ययाति’ (१९५९) या दृष्टीने पुन्हा वाचावी.

आता १८९० सालाकडे येऊ. आमच्या विषयाचे पानिपत याच साली झाले. ऑक्टोबर महिन्यात पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गावातली आणखी बडी मंडळी होती. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता कप हातात धरला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांना अशा प्रसंगांची भारी हौस. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. झाले! चाळीसहून अधिक माणसे एका कपापायी आरोपी ठरली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री आले आणि पुण्यात ग्रामण्य माजले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारकांनीही त्यांना बोल लावला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत घरातून दिसलेले हे सगळे प्रकरण आले आहे.

आमच्या दृष्टीने यातला कळीचा मुद्दा शास्त्र्यांच्या नजरेतून निसटला. नुसता हातात धरलेला आणि न प्यालेला चहा हा चहा आहे का? शास्त्र्यांना तो पापाचा प्रश्न वाटला. तो साहित्याचा होता. पूर्ण न प्यालेल्या चहाने एवढे कथानक उभे राहू शकते, हे सिद्ध झाले ते पुण्यात. आणि वर्ष पाहा. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ १८९० चेच; ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली ती त्याच पत्रातून. म्हणजे ही सामाजिक कादंबरी आणि चहाचे ग्रामण्य ही एकाच गावातली एकाच वर्षाची भावंडे. त्या काळच्या लेखकाने पात्राच्या हाती कप दिला तर तो त्याच्या जातीचाच निकाल लावी. आजचा लेखक पात्राच्या हाती कप देतो तेव्हा त्याला पुढे काय लिहावे हे सुचलेले नसते.

रवींद्रनाथांनी ‘गोरा’मध्ये (१९१०) हाच कप बंगालात फिरवला. परेशबाबूंच्या ब्राह्मो घरात गोऱ्यापुढे चहा येतो. कडवा हिंदू गोरा तो नाकारतो, आणि त्याचा मित्र विनय तोच चहा घेऊन मैत्रीला चरा पाडतो. कादंबरी संपता संपता कळते, की आचार सांभाळण्यासाठी चहा नाकारणारा हा गोरा जन्माने आयरिश आहे. साऱ्या भारतीय कादंबरीत चहाला इतका चोख सूड घेता आलेला नाही.

विदेशी साधनांतूनही आमच्या सिद्धान्ताला पुष्टी मिळते, आणि ती सर्वांत जोरकस मिळते रशियात. दस्तयेव्हस्कीच्या ‘भुयारातल्या टिपणां’चा (१८६४) निवेदक हा जागतिक वाङ्मयातला सर्वांत कट्टर चहाबाज. जग बुडाले तरी चालेल, मला माझा चहा वेळेवर मिळाला पाहिजे, अशा आशयाचे तो बोलतो. समीक्षक हे वाक्य काढून त्यावर व्याख्याने देतात. पण त्या प्रसंगाचा बारकाईने तपास करा. घरी लिझा नावाची तरुणी आली आहे. निवेदकाने नोकराला पिटाळून बाहेरून चहा आणवला आहे. चहा टेबलावर आला आहे. आणि हा पठ्ठ्या पीत नाही! तिला अवघडवण्यासाठी मुद्दाम कपाला हात लावत नाही. मग तीही लावत नाही. जग बुडो म्हणणाऱ्याचासुद्धा चहा टेबलावर गार होतो. याउपर आम्ही पुरावा तो काय द्यावा?

तरी आणखी एक देतो. प्रूस्तच्या कादंबरीतला, मादलेन नावाचा छोटा केक बुडवलेला चहा इतका गाजला आहे की तो पुरा प्यालेला असणार असे सगळे गृहीत धरतात. मूळ जागा काढून पाहावी. पहिल्या घोटाला नायकाला स्वर्ग दिसतो. दुसऱ्यात पहिल्याहून जास्त काही नाही. तिसऱ्यात दुसऱ्याहून कमी. तेव्हा तो कप खाली ठेवतो आणि विचार करू लागतो. हा विचार १९१३ ते १९२७ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. तिसऱ्या घोटानंतर त्या कपाचे काय झाले, याचा उल्लेख आम्हांला आढळलेला नाही. खारी बुडवून खाणाऱ्या आमच्या वाचकाला हा माणूस उमजणे कठीण आहे. खारी तुटून तळाशी गेली तर ती चमच्याने काढून खाईपर्यंत आपण कोणताही विचार करत नाही.

इंग्रजी कादंबरीत चहाचा सुकाळ, पण बेफिकिरीही तेवढीच. जेन ऑस्टिनच्या पात्रांचा चहा रात्रीच्या जेवणानंतरचा असतो. दुपारच्या चहाची टूम तिच्या पश्चात निघाली, हे चित्रपट काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. हेन्री जेम्सची ‘एका स्त्रीचे चित्र’ (१८८१) ही कादंबरी दुपारच्या चहानेच सुरू होते आणि तिथे एक मोलाचा तपशील आहे: म्हाताऱ्या टचेटसाहेबांचा कप बाकीच्या संचातला नाही. तो मोठा आहे आणि भडक रंगांचा आहे. आजोबांचा कप वेगळा आणि मोठा असणे हा नियम बोरीबंदरपासून लंडनपर्यंत सारखाच दिसतो. ‘ॲलिस’मधल्या (१८६५) टोपीवाल्याच्या मेजवानीत घड्याळ कायम सहावर अडकलेले, म्हणजे कायम चहाची वेळ, त्यामुळे कप विसळायला सवड नाही आणि मंडळी एकेक खुर्ची पुढे सरकत राहतात. कप कोण धुणार, हा प्रश्न उघडपणे विचारणारा कादंबरीकार आम्हांला तेवढा एकच भेटला, आणि तो गणिताचा मास्तर होता.

गुप्तहेरकथेत चहावर झालेला अन्याय मात्र नोंदवलाच पाहिजे. ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये (१९५३) कचेरीतला साहेब चहा घेता घेता कोसळतो. सगळ्यांच्या नजरा चहाकडे. प्रत्यक्षात विष सकाळच्या न्याहारीच्या मार्मलेडमध्ये होते. (रहस्य फोडल्याबद्दल क्षमा, चहाची अब्रू मोठी.) त्या कचेरीत चहाचा खरा गुन्हा वेगळाच होता. नवी टायपिस्ट पाणी नीट उकळू न देताच चहा करते आणि तिला त्यावरून बोलणी बसतात. खून आणि कच्चे पाणी हे दोन अपराध शेजारी मांडून लेखिकेने दोहोंना सारखेच गांभीर्य दिले, यातून तिची थोरवी दिसते.

उलट टोक चीनमध्ये. अठराव्या शतकातल्या ‘लाल महालाचे स्वप्न’ या महाकाय कादंबरीत म्याओयू नावाची जोगीण आहे. थोरल्या आजीबाईंना ती गेल्या वर्षी साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा चहा देते. खास मैत्रिणींसाठी मात्र आलुबुखाराच्या फुलांवरून गोळा केलेल्या बर्फाचे पाणी. घड्यात भरून पाच वर्षे जमिनीत पुरलेले. एक कप म्हणजे आस्वाद, दोन म्हणजे तहान भागवणे आणि तीन म्हणजे जनावराला पाणी पाजणे, असा तिचा हिशोब. सकाळपासून चौथा कप हातात घेऊन हे वाचणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण याच प्रसंगात एक गरीब म्हातारी, ल्यू आजी, त्या घरच्या उंची कपातून चहा पिते आणि जोगीण तो कप परत घरात घ्यायला नकार देते.

इथे आम्हांला थोडे थांबावे लागते, कारण तो कप आपल्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळा कप ठेवलेला असे. चहा पिणाऱ्यानेच तो विसळायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा, पैसे वरून टाकायचे. दलित आत्मकथनांनी हा कप मराठी वाङ्मयात आणला. तोवरच्या कादंबऱ्यांत चहा भरपूर होता आणि हा कप फारसा कोणाला दिसला नव्हता. गार चहा टाकून उठण्याची चैन कोणाला परवडते, हेही मग लक्षात येते.

त्यातूनच आमचा उपसिद्धान्त निघतो: जो चहा संपवतो तो नायक नसतो. कादंबरीत चहा संपवणारी माणसे म्हणजे पोस्टमन, हवालदार, वर्गणी मागायला आलेले कार्यकर्ते, लग्न जमवणारे काका आणि टांगेवाला. हे लोक बशीत ओतून पितात. बशीतला चहा लवकर निवतो, त्यामुळे त्याला गार होऊ देण्याइतका वेळच मिळत नाही. फुर्र करून तो संपतो आणि माणूस मिशा पुसत कामाला लागतो. नायकाला बशी चालत नाही. बशीत ओतून पिणाऱ्या माणसाला तुटलेपण येत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. तळहातावर भरलेली बशी तोलून धरायची तर सगळे चित्त तिथेच लागते; अस्तित्वाचा विचार केला की चहा सदऱ्यावर.

कॉफीविषयी दोन शब्द. मराठी कादंबरीत ती आजाऱ्याला, जागरण करणाऱ्याला किंवा ज्याच्याकडून काम काढायचे आहे त्याला मिळते. ती संपते. तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिण्याइतका आमचा तिच्यावर जीव नाही.

सिद्धान्ताला अपवाद दाखवला जाईल, म्हणून आम्हीच दाखवतो. डग्लस ॲडम्सचा आर्थर डेंट पृथ्वी नष्ट झाल्यावर अंतराळयानातल्या यंत्राकडे चहा मागत राहतो आणि १९७९ च्या पहिल्या पुस्तकात त्याला चहासारखे भासवलेले भलतेच काही मिळते. पुढच्या पुस्तकात चहा कसा करावा हे सोडवण्यात यानाचा संगणक असा गुंततो, की शत्रूचा हल्ला झाला तरी त्याला फुरसत नाही. अखेर उत्तम चहा किटलीसकट येतो आणि आर्थर तो पितो. एका कपासाठी एवढा आटापिटा केलेला मनुष्य तो टाकून उठेल कसा?

तेव्हा मराठी कादंबरीकारांना एक विनंती. तुमच्या नायकाला वैफल्य येऊ द्या, तार येऊ द्या, नायिकेला हवे ते बोलू द्या. पण त्याआधी त्याला कप रिकामा करू द्या. चहा केलेला असतो कोणीतरी, आणि स्टोव्हला पिन मारून केलेला असतो. वाचकांनाही एक काम सांगतो. ज्या मराठी कादंबरीत नायकाने चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवून कप स्वतः विसळला असेल, तिचे नाव पान क्रमांकासह कळवावे. नुसता मोरीत नेऊन ठेवलेला कप धरला जाणार नाही.